उभ्या गाड्यांचा रकाना

ताईच्या हातचा कोट परत आला, असं तेवीस वर्षांत पहिल्यांदाच घडलं. इस्पितळाच्या कपडेखात्याचा माणूस सहा कोट काखेत मारून जिना चढून आला, ते तिच्या टेबलावर ठेवले आणि ओशाळून म्हणाला, "शिवण झकास आहे हो, त्यात काही म्हणणं नाही. पण हे बघा." खांद्याच्या शिवणीलगत राखाडी झाक होती. बोट फिरवलं की पुसली जायची नाही, पसरायची.

ताई डॉक्टर-नर्सांचे पांढरे कोट शिवायची. मुख्य रस्त्यावर, औषधाच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर तिच्या दोन खोल्या होत्या. मागच्या खोलीत ती राहायची, पुढच्या खोलीत मशीन. मशीन खिडकीला लावलेलं आणि खिडकी बाराही महिने उघडी. पहिली खेप परत आली तेव्हा तिने टेबल धुतलं, पडदे काढून टाकले, कापड पेटीत ठेवायला सुरुवात केली. दुसऱ्या खेपेला चार कोट परत आले. मग तिने खिडकी लावून घेतली आणि चौकटीच्या फटींत ओल्या चिंध्या कोंबल्या. संध्याकाळपर्यंत चिंध्या काळ्या पडायच्या.

खोकला त्याच्याही आधीचा होता. पण खोकल्याचं तिने कुणाला सांगितलं नव्हतं. कोटांचं मात्र भावाला सांगितलं, कारण कोट हा तिच्या अब्रूचा प्रश्न होता.

भाऊ तिच्याहून अकरा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता; पुढचं सगळं ताईने याच मशीनवर केलं. तो आता रस्ते खात्यात मोजणीदार होता. रस्त्यावर आडवी रबरी नळी ठोकायची, तिचं टोक खांबाला बांधलेल्या पेटीत द्यायचं. चाक नळीवरून गेलं की पेटीत नोंद पडते. बारा दिवसांनी पेटी उघडायची, आकडे तक्त्यात भरायचे, खाली सही करायची. खात्यात त्याच्या तक्त्यांना नाव होतं. खाडाखोड नाही, रिकामी जागा नाही.

दोन वर्षांपूर्वी खात्याने वस्तीतल्या सहा गल्ल्या गाड्यांसाठी बंद केल्या. तोंडाशी लोखंडी खांब आणि मोठाल्या कुंड्या ठेवल्या. मुख्य रस्ता टाळायला लोक गल्लीबोळांतून गाड्या घुसवायचे, ते थांबावं, मुलं खेळावीत, म्हाताऱ्यांना रस्ता ओलांडता यावा, हा हेतू. हेतू साधलाही. मोजणीदार स्वतः त्यांतल्याच तिसऱ्या गल्लीत राहायचा. त्याची सात वर्षांची मुलगी, घरात सगळे तिला चिमणी म्हणत, त्या गल्लीत सायकल शिकली. संध्याकाळी लोक खुर्च्या बाहेर काढून बसायला लागले. ताईचं घर तिथून चालत पाच मिनिटांवर. गल्ल्यांतून हटलेल्या गाड्या तिच्या खिडकीखाली आल्या.

एका रविवारी तो गेला तेव्हा ताईने एक पत्रक त्याच्यापुढे सरकवलं. खात्याने ते घरोघर टाकलं होतं.

"वाच."

"माहितीये मला त्यात काय आहे."

"माहितीये काय, मोठ्यानं वाच. माझा चष्मा सापडत नाहीये."

चष्मा तिच्या कपाळावर होता. त्याने वाचलं, "'योजनेनंतर मुख्य रस्त्यावरील वाहनांच्या संख्येत नऊ टक्के घट.'"

"कुणी मोजलं?"

"मशीननं."

"आणि मशीन कुणी लावलं?"

त्याने पत्रकाची घडी घातली.

"लहानपणी काच फुटली की म्हणायचास, चेंडूनं फोडली. तसंच चाललंय तुझं अजून."

"ताई, आकडा बरोबर आहे. दोनदा तपासलाय मी."

"बरं बाबा. मग माझं नाक खोटं असेल." एवढं बोलून ती हसली, आणि हसण्याचा खोकला झाला. तो लवकर थांबेना. मशीनच्या कडेला धरून ती वाकली तेव्हा त्याला तिच्या मानेच्या शिरा दिसल्या. खोकला नुसता खोकला नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं.

छातीच्या डॉक्टरीणबाईंनी तिला एका नळीत फुंकायला लावलं. काटा जिथवर गेला ते बघून त्यांनी पुन्हा फुंकायला लावलं. मग विचारलं, "राहता कुठं?"

"मुख्य रस्त्यावर. पहिला मजला."

"वरच्या मजल्यावर वगैरे जाता येईल?"

"अहो, जिना चढवत नाही म्हणून तर तुमच्याकडे आले," ताई म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "पंप लिहून देते. पण पंप मारून त्याच खिडकीत बसणार असाल, तर पुढच्या महिन्यात डोस वाढवायला याल, आणि त्याच्या पुढच्या महिन्यातही. तिथून हला, किंवा तो रस्ता तरी हलवा."

रस्ता हलवा हे त्या चिडून म्हणाल्या होत्या. पण मोजणीदाराच्या डोक्यात ते बसलं. योजना अजून तात्पुरती होती. ती कायम करायची की बदलायची, हे समिती दीड महिन्याने ठरवणार होती, आणि समितीपुढे जो कागद जाणार होता त्यावर त्याचाच आकडा होता. आकडा चुकला असेल तर तोच तो दुरुस्त करू शकत होता. ताईला तिचं घर, तिचं काम आणि तिचा श्वास, तिन्ही एकाच जागी ठेवायचे असतील, तर दुसरा मार्ग त्याला दिसत नव्हता.

बुधवारी त्याने रजा टाकली आणि सकाळी आठला हातातलं मोजणीयंत्र घेऊन ताईच्या खिडकीशी येऊन बसला. यंत्र अंगठ्याने दाबायचं. एक गाडी, एक टिक.

"खिडकी उघडू?" ताईने विचारलं.

"नको. काचेतून दिसतंय."

"दिसतंय कसलं, काच बघ कशी झालीये." तिने ओल्या फडक्याने काच पुसली. बाहेरून तशीच राहिली.

समोरच्या विजेच्या खांबाशी एक काल्पनिक रेघ धरून तो ती ओलांडणाऱ्या गाड्या मोजू लागला. तासाभरात चारशे दोन. योजनेपूर्वी याच तासाला, याच जागी, चारशे चाळीसच्या आसपास गाड्या जायच्या. त्याने दुसरा तास मोजला. तीनशे ऐंशी. मशीन चुकलं असावं अशी त्याची इच्छा होती. मशीन चुकलं नव्हतं. गाड्या खरंच कमी जात होत्या.

"काय झालं? तोंड का पडलं?" ताईने विचारलं.

तो खाली बघत होता. खाली एक लाल टेम्पो उभा होता. चार मिनिटांपूर्वी तोच टेम्पो औषधाच्या दुकानाच्या पाटीखाली होता. आता तो टपालपेटीपाशी पोचला होता. मधलं अंतर शंभर पावलांचं, चालत मिनिटभराचं. इंजिन सुरूच होतं. मागची धुराची नळी थरथरत होती.

"ताई, खडू घे," तो म्हणाला. "दुकानाच्या पाटीपासून टपालपेटीपर्यंत गाड्या किती उभ्यात ते दर मिनिटाला सांग. मी घड्याळ बघतो."

ताईने शिंप्याचा खडू घेतला, काळ्या कापडाचा तुकडा मांडीवर पसरला. "तेवीस," ती म्हणाली. मिनिटाने म्हणाली, "तेवीस." आणखी एका मिनिटाने, "तेवीस. अरे, त्याच आहेत मेल्या! ती निळ्या गाडीतली बाई बघ, वेणी घालून झाली तिची."

दोघंही हसले. मग त्यांनी अकरापर्यंत मोजलं. एकदाही आकडा अठराच्या खाली आला नाही.

गोष्ट इतकी साधी होती की वीस वर्षं हे काम करणाऱ्या माणसाला ती दिसू नये याची त्याला लाज वाटली. सहा गल्ल्यांतल्या गाड्या या रस्त्यावर आल्या, पुढचा चौक तुंबला, रांग मागे सरकत ताईच्या खिडकीखाली आली. तुंबलेल्या रस्त्यावरून तासाला कमीच गाड्या जातात. नळी जाणाऱ्या गाड्या मोजते, उभ्या नाही. धूर मात्र उभ्या गाड्याही सोडतात, आणि एकाच जागी सोडतात. खात्याचं हवा मोजायचं यंत्र होतं, पण ते सुरक्षित जागा हवी म्हणून शाळेच्या आवारात बसवलेलं, बंद केलेल्या गल्लीत. तिथली हवा सुधारली होती. तोही आकडा खराच होता.

पुढचे दोन आठवडे तो कामावर जाण्याआधी रोज सकाळी ताईकडे बसला. चार पानांचं टिपण झालं. घरी बायकोने ते वाचलं.

"म्हणजे आपल्या गल्लीतले खांब काढणार?"

"सगळे नाही. दोन गल्ल्या उघडल्या तरी रांग मोडेल."

"त्या दोन कुठल्या?"

"ते योजनेच्या मॅडम ठरवतील."

बायको भाजी चिरत होती. चिरायची थांबली. "चिमणी त्या दुधाच्या गाडीखाली येता येता वाचली, ते विसरलात? मला वन्संची काळजी नाही असं नाही. पण मला हेही सांगा, की खांब काढल्यावर मी हिला कुठल्या रस्त्यावर सोडू?"

तरीही टिपण त्याने दुसऱ्या दिवशी दिलं.

योजनेच्या प्रमुख मॅडम स्वतः सायकलने कामावर यायच्या. योजना त्यांनी आठ वर्षं लढून आणली होती आणि त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांनी चारही पानं त्याच्यासमोर वाचली.

"हे कुठून मोजलंत?"

"बहिणीच्या खिडकीतून."

"मी टीका करत नाही. पण समितीत कुणीतरी बोलणारच." त्यांनी पान उलटलं. "मोजणी पक्की दिसतेय. आता मला सांगा, योजनेपूर्वी इथं रांग किती होती?"

"नव्हतीच, मॅडम."

"तक्त्यात काय आहे?"

तक्त्यात काय आहे ते तो सकाळीच बघून आला होता. तक्त्याला अठरा रकाने. अठरावा रकाना उभ्या गाड्यांचा. पेटी तो भरत नाही. मोजणीदाराने जागेवर उभं राहून हाताने भरायचा असतो. योजनेनंतरच्या मोजणीत खात्याने नुसती पेटी लावली होती, माणूस उभा केला नव्हता. दोन वर्षांपूर्वी, योजनेआधी, तो बारा दिवस तिथे रोज सकाळी आठ ते रात्री आठ उभा राहिला होता. रांग नव्हती. आणि त्याने बाराही दिवसांच्या प्रत्येक तासापुढे, पट्टी धरल्यासारखी सरळ, एकेक आडवी रेघ मारली होती. नोकरीला लागला तेव्हा जुन्या मोजणीदाराने शिकवलं होतं, लिहायला काही नसलं तर चौकोन रिकामा ठेवायचा नाही, रेघ मारायची. रिकाम्या चौकोनात मागाहून कुणीही काहीही भरतं. वीस वर्षं तो तसंच करत आला होता.

"रेघ आहे," तो म्हणाला.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "रेघ म्हणजे मोजलं नाही."

"मी तिथं उभा होतो, मॅडम. एकही गाडी थांबलेली नव्हती."

"मग शून्य लिहायचं."

"हो."

"मला तुमच्यावर विश्वास आहे. पण समितीला मी काय दाखवू? आज तेवीस गाड्या उभ्या आहेत. पूर्वी किती, तर मोजलेलं नाही. उद्या कुणी म्हणेल, पूर्वीही तेवीसच असतील."

त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो दप्तरखान्यात गेला आणि दोन वर्षांपूर्वीची फाइल काढली. खोलीत कुणी नव्हतं. त्याच्या खिशात तेच निळं पेन होतं. रेघेचं शून्य करायला एक वळसा पुरतो. खालून न्यायचा आणि वर जोडायचा. बारा दिवसांचे बारा-बारा तास धरले तर एकशे चव्वेचाळीस वळसे, अर्ध्या तासाचं काम. आणि ते खोटंही झालं नसतं. त्याने टोपण काढलं. पहिल्या रेघेवर पेनाचं टोक टेकवलं.

मग त्याला आठवलं की सगळ्या जुन्या फाइली गेल्या वर्षी संगणकात चढवल्या आहेत. तिथे रेघ ही रेघच राहणार होती. त्याने टोपण लावलं. नंतर कधी या प्रसंगाची आठवण झाली, तेव्हा त्याने स्वतःला फसवलं नाही. त्याला थांबवलं होतं ते त्या संगणकाने. सचोटी त्यात कुठे नव्हती.

संध्याकाळी त्याने ताईला सगळं सांगितलं. ती खुर्चीत टेकून बसली होती, पंप हाताशी. मशीनवर झाकण होतं. इस्पितळाने काम दुसरीकडे दिलं होतं आणि तिने त्याला ते आठवडाभर कळू दिलं नव्हतं.

"रेघ मारलीस?" ती म्हणाली. "मापाच्या वहीत मी कधी रेघ मारली नाही रे. अमक्याला कंबरच नाही, असं कधी झालंय का?"

"ताई, चेष्टा नको."

"चेष्टा नाही तर काय करू? रडले की दम लागतो." तिने पंप तोंडाला लावून एकदा ओढला. "तुला रेघ मारायला शिकवली त्यानं. मी नव्हते ना शिकवलं?"

"नाही."

"मग झालं."

तिने त्याला माफ केलं होतं. त्यापेक्षा ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

समितीची बैठक चाळीस मिनिटं चालली. त्याचं टिपण शेवटी जोडलेलं होतं आणि त्यावर शेरा होता: 'पूर्वीची नोंद उपलब्ध नसल्याने तुलना शक्य नाही.' त्याने उभं राहून बोलायची परवानगी मागितली. चूक माझी आहे, रेघ मी मारली, रांग नव्हती हे मी शपथेवर सांगतो, असं तो म्हणाला. अध्यक्षांनी त्याचे आभार मानले. तिसऱ्या गल्लीतले त्याचे दोन शेजारी प्रेक्षकांत होते. ते त्याच्याकडे बघत नव्हते. योजना कायम झाली. मॅडमनी एवढं मात्र करून घेतलं की मुख्य रस्त्यावरची रांग यापुढे दरवर्षी मोजली जाईल. पहिली नोंद म्हणून आजची रांग धरायची. म्हणजे पुढच्या वर्षी ताईच्या खिडकीखाली तेवीस गाड्या उभ्या असल्या, तर कागदावर फरक शून्य येणार होता.

ताई महिनाअखेर त्याच्याकडे राहायला आली. बायकोने चिमणीची खोली रिकामी केली, भिंत रंगवून घेतली, वन्संना जिना नको म्हणून न्हाणीघर खालच्या मजल्यावर करायचं काढलं. कशात कसूर ठेवली नाही. मशीन आणलं नाही. "कोट इथवर नेणार-आणणार कोण? गाडी कुठं येते तुमच्या गल्लीत?" ताई म्हणाली. ते खरंच होतं. मशीन तिने ओळखीच्या एका मुलीला देऊन टाकलं.

पहिल्या सकाळी ती दारात खुर्ची टाकून बसली. गल्ली शांत होती. चिमणी सायकलवरून आत्याभोवती फेऱ्या मारत होती.

"आत्या, त्या टोकाच्या बाकापर्यंत चल ना. मी तिथं वळते कशी ते बघ."

ताई उठली. बाक काही लांब नव्हता. पहिल्या घरापाशी ती थांबली, दुसऱ्या कुंपणाला धरून थांबली, आणि तिसऱ्या ठिकाणी थांबली तेव्हा मोजणीदार घरातून खुर्ची घेऊन धावला. गल्लीची हवा स्वच्छ होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं की जे गेलं ते परत येत नाही. उरलेलं फक्त सांभाळायचं.

"इथूनही दिसतंय," ताई चिमणीला म्हणाली. "जा, वळून दाखव."

दोन महिन्यांनी एका दुपारी दारावर टकटक झाली. एक तरुण बाई होती, खांद्यावर चार-पाच महिन्यांचं बाळ. तिने ताईच्या जुन्या खोल्या घेतल्या होत्या. पुढच्या खिडकीची कडी बसत नाही, काही युक्ती आहे का, असं विचारायला ती पत्ता शोधत आली होती.

ताईने तिला बसवलं. "खालचं फळकूट गुडघ्यानं दाब आणि मग कडी लाव. पण कडीपेक्षा फटी बुजव आधी. ओलं फडकं रोज बदलायचं."

"रोज? का बरं? घरमालक तर म्हणाले, या रस्त्यावर वर्दळ कमी झालीये. सरकारी मोजणीत निघालंय म्हणाले. म्हणून तर बाळ झाल्यावर इथं आलो आम्ही."

ताईने भावाकडे पाहिलं नाही. तो भिंतीशी उभा होता. त्याला बोलावं लागलं.

"वर्दळ कमी झालेली नाही," तो म्हणाला. "गाड्या तिथं उभ्या राहतात. सकाळी आठ ते अकरा. ती मोजणी मीच केली होती."

बाईला नीट कळलं नसावं. तिने एकदा त्याच्याकडे, एकदा ताईकडे पाहिलं, आणि बाळाला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "आता तर सामानही लावून झालं," ती म्हणाली.

"असू दे," ताई म्हणाली. "तू असं कर, पाळणा मागच्या खोलीत ठेव. पुढची खोली उठण्या-बसण्यापुरती."

"मागच्या खोलीत सासूबाई झोपतात. त्यांना आधीच दम्याचा त्रास आहे, त्यांना पुढं कसं आणू?"

बाळ जागं झालं होतं. ताईने हात पुढे केले आणि बाईने ते तिच्या मांडीवर दिलं. ताई बराच वेळ त्याच्या छातीवर पंजा ठेवून बसली. तिच्या मोठ्या पंजाखाली ती छाती भराभर वरखाली होत होती.

"सासूबाईंना जिना चढवतो का अजून?" तिने विचारलं.